निवड कोणाची आणि किंमत कोणाची?

अर्थशास्त्र म्हटले की आपल्या घरांतील माणसे जरा दचकतात. बँका, शेअरबाजार, रुपयाचा भाव, सरकारचे अंदाजपत्रक असे काहीतरी थोरामोठ्यांचे ते शास्त्र असणार, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत असते. वास्तविक ज्या घरात महिन्याचा पगार किंवा आठवड्याची मजुरी येते आणि ती कशी पुरवायची याचा विचार घरची बाई रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत करीत असते, त्या घरात अर्थशास्त्र रोजच चालू असते. पुस्तकात त्याला मोठी नावे आहेत, एवढेच. मी पेशाने शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक हाती आले तेव्हा त्यातील पुष्कळसे मी आईच्या तोंडून आधीच ऐकलेले होते. फक्त तिच्या बोलण्यात ‘सिद्धांत’ हा शब्द नव्हता.

या लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माणूस जे निवडतो त्याला तो कितपत जबाबदार असतो? आणि एकाने निवड केली व तिची किंमत मात्र दुसऱ्यानेच मोजली, तर अशा निवडीला नीतीच्या दृष्टीने काय म्हणावे? धम्म स्वीकारलेल्या कुटुंबाला हा प्रश्न टाळता येणार नाही. कारण धम्म स्वीकारणे हीदेखील एक निवडच होती, आणि ती कोणी आपल्यासाठी परस्पर केलेली नव्हती.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची एक व्याख्या मांडली. तिचा आशय थोडक्यात असा: माणसाच्या गरजा अनेक, त्या भागवण्याची साधने अपुरी, आणि प्रत्येक साधनाचे उपयोग एकाहून अधिक, म्हणून माणसाला निवड करावी लागते, आणि या निवडीचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र. याच संस्थेत परमपूज्य बाबासाहेबांनी अध्ययन केले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळवली. त्यांच्या ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधाला प्रस्तावना लिहिणारे एडविन कॅनन हे रॉबिन्स यांचेही गुरू होते. बाबासाहेब घटनाकार होते हे आपल्या मुलांना पाठ असते. ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते, हे मात्र वर्गात दहादा सांगावे लागते.

आता आपल्या गावाकडचे उदाहरण घेऊ. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा सुरू होते आणि यात्रेत सुकेळी विकायला येतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, कित्येक दिवस उन्हात वाळवायची, पाखरांपासून आणि दवापासून राखायची, तेव्हा कुठे सुकेळे तयार होते. वर्गात मुलांना मी विचारतो की सुकेळ्याला खर्च काय आला? मुले भराभर सांगतात: केळी, मजुरी, बांधायची पाने, गाडीभाडे. सगळे बरोबर. पण एक खर्च सहसा कोणी सांगत नाही. तीच केळी कच्ची असताना बाजारात नेली असती तर पैसे त्याच दिवशी हातात पडले असते. ते पैसे सोडून दिले, हाही सुकेळ्याचा खर्च होय. शिवाय वाळवण राखायला जी म्हातारी दिवसभर अंगणात बसली, तिने त्या वेळात दुसरे जे काही केले असते, तेही त्याच खर्चात धरले पाहिजे. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी जी दुसरी गोष्ट सोडावी लागली ती. फ्रान्समधील बास्तिया नावाच्या लेखकाने १८५० साली याच मुद्द्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावातच ‘जे दिसते’ व ‘जे दिसत नाही’ असा भेद केला. दिसते ते सुकेळे. न दिसणारे काय, याचा हिशेब कुठल्याही वहीत नसतो.

आणखी दोन तत्त्वे सांगून पुढे जाऊ. एक, झालेला खर्च परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय मागच्या खर्चाकडे पाहून करू नये. ‘एवढे घातले, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचे’ हे वाक्य ज्या घरात वारंवार ऐकू येते, त्या घरात कर्ज वाढते. दुसरे, निर्णय नेहमी पुढच्या थोड्याशा भागाचा असतो. जेवण द्यावे की न द्यावे हा प्रश्न क्वचितच येतो. आणखी पन्नास पाने वाढवावीत काय, हा येतो. पहिल्या पन्नास पानांनी जो आनंद झाला तेवढाच सहाव्या पन्नासांनी होत नाही. खर्च मात्र तेवढाच होतो, किंबहुना जास्तच, कारण तोवर उसनवारी सुरू झालेली असते.

इथवर शास्त्राशी आपले भांडण नाही. भांडण सुरू होते ते या शास्त्राचा आधार घेऊन काही सुखवस्तू मंडळी जो निष्कर्ष काढतात त्याच्याशी. ते म्हणतात, प्रत्येकजण आपापली निवड करतो. कोणी शिकला, कोणी नाही. कोणी बचत केली, कोणी उधळली. ज्याने जे निवडले ते त्याला मिळाले, मग तक्रार कसली? ऐकायला हे सरळ वाटते. पण यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, सर्वांपुढे दारे सारखीच उघडी होती.

महार वतनाची गोष्ट घ्या. गावकामाच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि घरोघरचे बलुते. तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन इतका लहान झालेला की त्यावर कुटुंब जगू नये, आणि तरी त्याचा मोह एवढा की माणूस गाव सोडू नये. काम कोणते आणि किती, याला मर्यादा नाही. हाक कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. ही वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. वतन राखावे म्हणणारे आपल्यातही होते, आणि त्यांना मूर्ख ठरवणे मला योग्य वाटत नाही. हातचा तुकडा सोडून जायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न खरा होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की या तुकड्याची किंमत आपण धान्यात मोजतो, आणि त्यापायी स्वाभिमान व महत्त्वाकांक्षा सुटली तिची मोजदादच करीत नाही. म्हणजे संधी-खर्चाचाच हा हिशेब. फक्त तो पायल्यांत मोजता येत नव्हता.

जे गाव सोडून मुंबईला गेले त्यांच्यापुढे तरी सर्व दारे उघडी होती काय? कापडाच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. त्यामुळे त्या खात्यात आपल्या लोकांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आता एखाद्या पंडिताने तेव्हाच्या पगाराचे आकडे पाहून लिहिले असते की अमुक जातीचे कामगार कमी पगाराचे खाते पसंत करतात, तर ते आकडे खरे आणि निष्कर्ष खोटा ठरला असता. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच व्यापक रूपात मांडले आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. माणसाचा धंदा त्याच्या आवडीवर किंवा कुवतीवर ठरत नाही, जन्मावर ठरतो. आणि एक धंदा बसला तरी दुसरा धरता येत नाही म्हणून बेकारी पोसली जाते. जिथे निवडच नाही तिथे ‘निवडीचे शास्त्र’ काय करील?

याच्याही पुढची पायरी आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली आहे. पालघर हा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत वारली समाजात ‘लग्नगडी’ नावाची रीत होती. लग्नासाठी तरुणाने जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून पैसे उचलायचे, आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. ते फिटत नसत. हिशेब धन्याच्या वहीत, आणि वाचता येत होते फक्त धन्याला. लग्न करून आणलेली बायकोही त्याच घरी राबत असे. १९४५ साली वारली बांधवांनी वेठीविरुद्ध जो लढा दिला त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली, तरीदेखील वसई तालुक्यात वेठबिगार शिल्लक होतेच. विवेक पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने त्यांच्या मुक्ततेचे काम केले. आपल्या रेल्वे स्टेशनपासून काही फार दूरची ही गोष्ट नाही.

लग्नगड्याच्या उदाहरणात डोके लावण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी म्हणेल, त्याने पैसे राजीखुशीने घेतले. कोणी गळ्याला सुरी लावली नव्हती. लग्न हवे होते, ते झाले. करार म्हणजे करार. पुस्तकी व्याख्येने पाहिले तर ही निवडच होती. पण ती त्या माणसाच्या आयुष्यातील शेवटची निवड होती. दुसऱ्या दिवसापासून काय पेरायचे, कोठे जायचे, मुलाला शाळेत घालायचे की गुरांमागे पाठवायचे, यांतले काहीही त्याच्या हाती उरले नाही. माझ्या मते निवडीची पारख करण्याची कसोटी येथे सापडते. आज जे निवडले त्यानंतर उद्या निवडायला काही शिल्लक राहते काय? राहत असेल तर खर्च थोडा जास्त झाला तरी तो सोसता येतो. राहत नसेल तर तो सौदा स्वस्तात झाला काय आणि महागात काय, माणूस त्यात विकला जातो. दुसरे असे की लग्नगड्याच्या बायकोला कोणी विचारले होते? कर्ज त्याने काढले, फेडायला दोघे. तिचे नाव त्या वहीत नव्हते, पण किंमत तिने अर्धी मोजली. घरचे काम धरले तर अर्ध्याहून जास्त.

अमर्त्य सेन यांनी एक साधे उदाहरण दिले आहे, ते येथे उपयोगी पडेल. एक माणूस उपास करतो आणि दुसरा उपाशी राहतो. दोघांच्या पोटात सारखेच काही नाही. वजन केले तर दोघांचे सारखेच घटेल. तरी दोघे सारखे नाहीत, कारण पहिल्याला जेवता आले असते. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेत देह झिजवला तो त्याने स्वतः निवडलेला मार्ग होता, आणि हा मार्ग निरर्थक आहे असे दिसताच त्याने तो सोडला. सोडता आला, हे महत्त्वाचे. दुष्काळात झाडपाला खाणाऱ्या आपल्या पणजोबांना तसे करता आले नसते. त्यांच्या उपासमारीचे कोणी ‘तप’ म्हणून कौतुक करू लागला तर त्याला तिथेच थांबवले पाहिजे.

गरीब माणूस चुकीचे निवडतो, असा एक आरोप नेहमी होतो. त्याबाबत २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घालण्यात आली. एकदा तोडणीपूर्वी, हात तंग असताना. आणि एकदा तोडणीनंतर, पैसे मिळाल्यावर. माणसे तीच. तोडणीपूर्वी त्यांना कोडी कमी सुटली, नंतर जास्त सुटली. अक्कल कमी म्हणून गरिबी येते असे मानणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा. चिंता डोक्यातील जागा अडवून बसते आणि मग हिशेब चुकतात. जो सावकार किंवा मोबाइलवरून पाच मिनिटांत कर्ज देणारी जी कंपनी नेमकी अशा वेळी दारात उभी राहते, तिला हे पूर्वीपासूनच माहीत असते.

तर मग गरिबाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही काय? असा अर्थ कोणी काढू नये. दार बंद असते तेव्हाचा न्याय वेगळा आणि दार उघडल्यानंतरचा वेगळा. वतन गेले, शाळा मिळाली, नोकऱ्यांत जागा मिळाल्या, मत मिळाले. ही दारे सगळी सताड उघडी आहेत असे मी म्हणत नाही. पण जेवढी उघडली आहेत तेवढ्यापुरता हिशेब आपला आपणच दिला पाहिजे.

आणि हा हिशेब मागणारा एक दगड निर्मळपासून जवळच, भुईगावात सापडला आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला मिळाला होता. त्यानंतर नवव्या लेखाचा तुकडा भुईगावात मिळाला तो १९५६ साली. या सालाचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनार वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. त्यात सम्राट म्हणतो की लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगल विधी करतात. असे विधी करावेत हवे तर, परंतु त्यांचे फळ अल्प. धम्माचे मंगल मात्र मोठ्या फळाचे. ते कोणते? दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

अल्प फळ आणि महाफळ ही भाषा पाहा. सम्राट ‘पाप लागेल’ असे म्हणत नाही. बंदी घालतो असेही म्हणत नाही. खर्च आणि फळ यांची तुलना करा, असे सांगतो. दोन हजार दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सोपारा हे व्यापाऱ्यांचे बंदर होते, आणि व्यापाऱ्याला ही भाषा तत्काळ कळली असणार. जुन्नरच्या वाटेवर नाणेघाटात पाण्याच्या एका टाक्यावरील ब्राह्मी लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. ते टाके त्याने दान दिले. हे पैसे त्याला दुसरीकडेही खर्च करता आले असते. घाट चढून आलेल्या किती तांड्यांची तहान त्या टाक्याने भागवली असेल!

परंतु समारंभावर खर्च करणाऱ्या गरीब माणसाला नुसते हसणेही बरोबर नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील अत्यंत गरीब कुटुंबांचा हिशेब दिला आहे. पोटाला पुरेसे नसतानाही तेथील मधल्या स्तरावरचे कुटुंब वर्षाच्या खर्चातील सुमारे १० टक्के रक्कम सणासमारंभावर घालीत असे. का? कारण गरिबाची बँक म्हणजे त्याचे नातेवाईक. आज पंगतीला बसलेला मामा उद्या दवाखान्यात पैसे घेऊन येतो. शिवाय ज्या माणसाला वर्षभर कोणी ‘या, बसा’ म्हटले नाही, त्याला एक दिवस मांडवाच्या दारात उभे राहून ‘या, बसा’ म्हणावेसे वाटते. ज्यांच्या लग्नाच्या वरातीला गावातून जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांनी बँड लावला तर त्यामागे इतिहास आहे. हे समजून घेतल्याशिवाय उपदेश करणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आता हे समजून घेऊन आकडेमोड करू. समजा, बौद्ध पद्धतीने लग्न झाले. विधी साधा, अर्ध्या तासाचा. हुंडा नाही. पण हॉल, जेवण, मांडव, कपडे, डीजे, फोटो यांसाठी २ लाख रुपये महिना शेकडा तीनने काढले. महिन्याचे व्याज ६ हजार. वर्षाचे ७२ हजार. तीन वर्षांत २ लाख १६ हजार रुपये नुसते व्याजच गेले, म्हणजे मुद्दलापेक्षाही अधिक. आणि मुद्दल जागच्या जागी उभे आहे. विधी बदलला, पण हिशेब तोच राहिला. बावीस प्रतिज्ञा घेऊन पिंडदान थांबवले, ब्राह्मणाची दक्षिणा वाचवली, आणि ती रक्कम मांडववाल्याला दिली, तर फळाच्या दृष्टीने काय फरक पडला?

या तीन वर्षांत घरात काय सुटले ते पाहा. थोरल्याचे लग्न झाले तेव्हा धाकटी बहीण बारावीला होती. शिष्यवृत्तीतून फी भागली असती, हे खरे. पण फी म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. रेल्वेचा पास, पुस्तके, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे ती कॉलेजात असताना बुडणारी मजुरी. व्याजाचे ६ हजार दर महिन्याला उभे करायचे असले की घरातील माणसे हा शेवटचा खर्च बरोबर ओळखतात. मुलगी वालीव-गोखिवऱ्याच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागते. पुढे कोणी विचारले की सांगतात, ‘तिलाच शिकायची आवड नव्हती.’ लग्नगड्याच्या बायकोसारखेच येथेही घडते. कर्जाच्या कागदावर सही दुसऱ्याची, आणि फेडीला मात्र ती.

तिने आपणहून म्हटले असेल काय की ‘राहू दे माझे, दादाचे लग्न होऊ दे’? कदाचित म्हटलेही असेल. अशा त्यागाचे आपल्याकडे फार गोडवे गातात. मला त्यात सेन यांच्या उपास-उपासमारीचा भेद आठवतो. ‘नाही’ म्हणण्याची मुभा जिला नव्हती तिच्या ‘हो’ला त्याग म्हणता येणार नाही. ती कमावती झाल्यावर, तिच्या नावाने पासबुक असताना, तिने भावाला पैसे दिले तर ते दान होय. दान देणाऱ्याकडे द्यायला काही असावे लागते, आणि न देण्याची मोकळीकही असावी लागते.

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले होते. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा अडचणीच्या दिवसांसाठी. यात उपभोगाला चतुर्थांश आहे, शून्य नाही, हे आपल्यातील अति कडक मंडळींनी ध्यानात घ्यावे. मुलांनी वाढदिवसाला केक मागितला तर बुद्धवचनाचा दंडुका उगारण्याचे कारण नाही. पण हेही लक्षात ठेवावे की सिगाल खात्यापित्या घरचा होता. ज्याची सगळी मजुरी तांदूळ-तेलातच जाते त्याला ‘चौथा भाग शिल्लक टाक’ असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. अशा माणसापुरता प्रश्न घराच्या हिशेबाचा राहत नाही, राज्याच्या हिशेबाचा होतो. कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो असा: शेती करणाऱ्यांना बी-बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, चाकरीत असणाऱ्यांना वेतन द्यावे, म्हणजे चोऱ्या-लुटालूट आपोआप थांबेल. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी जमिनीच्या तुकड्याला दोष देण्याऐवजी त्याच्या जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत हे विचारले होते, आणि शेतीवर साचलेल्या माणसांना कारखान्यांत काम मिळाले पाहिजे असे सुचवले होते. म्हणजे एका बाजूला घराने वही ठेवावी, आणि दुसऱ्या बाजूला वहीत लिहिण्याजोगे काही घरात यावे म्हणून लढावे. पहिले केले म्हणून दुसरे सोडायचे, किंवा दुसऱ्याची भाषणे देत पहिले विसरायचे, हे दोन्ही मी आपल्या वस्त्यांत पाहतो.

वहीच्या बाबतीत एक साधी गोष्ट करता येण्याजोगी आहे. नववी-दहावीच्या मुलांना मी ती गृहपाठ म्हणून देतो, पण मोठ्यांनीही करायला हरकत नाही. डाव्या पानावर मोठा खर्च लिहायचा, आणि त्याच्यासमोर उजव्या पानावर त्या रकमेत आणखी काय झाले असते ते लिहायचे. नुसते ‘बचत’ असे लिहायचे नाही; नेमके काय ते लिहायचे, आणि ते कोणाचे राहिले त्याचे नाव लिहायचे. डावे पान सगळ्यांना लगेच येते. उजव्या पानासाठी घरात विचारावे लागते, आणि विचारताना थोडी भांडणेही होतात. होऊ द्यावीत.

अशोकाच्या त्या नवव्या लेखात एक बारीक तपशील आहे. खरे मंगल कोणते हे कोणी कोणाला सांगावे, याची यादी इतर ठिकाणच्या प्रतींत येते: पित्याने, पुत्राने, भावाने, धन्याने, मित्राने, शेजाऱ्याने. क्षुल्लक विधी करण्याचा दोष सम्राटाने स्त्रियांना दिला आहे, पण सल्ला देणाऱ्यांच्या यादीत आई नाही, पत्नी नाही, मुलगी नाही. सम्राटाचा पूर्ण आदर राखूनही मला वाटते की ही यादी अपुरी आहे. आमच्याकडे खर्चाची बैठक बसते तेव्हा सतरंजीवर पुरुष असतात आणि बायका चहा देऊन आत जातात. मग खर्च वाढला की ‘बायकांच्या हौसेपायी’ असे म्हणतात. पुढच्या वेळी लग्नाची, घरदुरुस्तीची किंवा गावाकडच्या कार्याची बैठक बसेल तेव्हा धाकट्या मुलीला सतरंजीवर बसवावे आणि वही तिच्याच हातात द्यावी. तिचे अक्षर बहुधा घरात सर्वांत चांगले असते. पास किती, पुस्तके किती, तीन वर्षांत किती, हे आकडे उजव्या पानावर तिने स्वतः लिहावेत, आणि ते लिहून होईपर्यंत हॉलवाल्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.